हवापालटाचा सल्ला आणि रँचवरची प्रेमकथा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, "अमेरिकेतल्या रँचवरच्या प्रेमकथांचा इतिहास." पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "डॉक्टर, त्यापेक्षा संधिवातावर बोला की. लोक तरी येतील." संधिवातावर मी चाळीस वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ बोलत आलो आहे. या विषयावर बोलायची माझी ही पहिलीच आणि बहुधा शेवटची वेळ. वाङ्मयाच्या अभ्यासातून मी इकडे वळलेलो नाही. घरातल्या एका पत्र्याच्या ट्रंकेने मला इथवर आणले.

ती ट्रंक माझ्या अक्काची. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. निपाणीच्या एका हायस्कुलात तिने इंग्रजी शिकवले. १९९४ साली दाजी अचानक गेले तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. दोन-तीन महिने ती कुणाशी धड बोलली नाही. मी आधी इग्नेशिया दिले, मग नेट्रम म्युर दिले. त्याच सुमारास बेळगावला आली की ती कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडून जुन्या इंग्रजी प्रेमकथा आणू लागली. मुखपृष्ठावर रुंद काठाच्या टोपीचा पुरुष, शेजारी घोडा, मागे बर्फाचे डोंगर. मी एकदा न राहवून म्हणालो, "अक्का, तू इंग्रजीची शिक्षिका, आणि हे काय वाचतेस?" ती म्हणाली, "तुझ्या गोळ्या घेते आहे, हेही वाचते आहे. कशाने उतार पडला ते तूच ठरव की." मला ते आजवर ठरवता आलेले नाही. निवृत्तीनंतर ती आमच्याकडे राहायला आली, तिच्याबरोबर ट्रंकही आली. टाळेबंदीत दवाखान्याची वेळ निम्म्यावर आली, तेव्हा मी ती उघडली.

आधी रँच म्हणजे काय ते सांगतो. ते आपल्यासारखे शेत नव्हे. मैलोगणती पसरलेले कुरण, त्यात गुरे, गुरे वळायला घोडे, आणि मधोमध एकटे घर. शब्द स्पॅनिश 'रांचो'वरून आला. घोड्यावर बसून दोराच्या फासाने गुरे धरण्याची विद्याही मेक्सिकोतल्या वाकेरोंची, म्हणजे गुराख्यांची. अमेरिकन काउबॉय त्यांचा शागीर्द, हे चित्रपट सहसा सांगत नाहीत.

ट्रंकेतल्या पुस्तकांचे कथानक थोड्याफार फरकाने एकच. शहरातली एक बाई दुःखाने खचून रँचवर येते. कुणी गेलेले असते, किंवा कुणी सोडलेले असते. रँचवर एक पुरुष असतो. तोही आतून मोडलेला: विधुर, किंवा युद्धावरून परतलेला, किंवा बापाने लहानपणी मारून मारून मुका केलेला. एक बिथरलेले घोडे असते. एक रात्र बर्फाच्या वादळाची असते आणि थंडीने कुडकुडणारे वासरू स्वयंपाकघरात चुलीजवळ आणलेले असते. रँचवर बँकेचे कर्ज असते. शेवटी दोघे बोलतात, घोडे शांत होते, कर्जाची काहीतरी सोय लागते. मी पहिली चार-पाच हसत वाचली. पुढे हसू कमी होत गेले, कारण डॉक्टरला ओळखीची असलेली एक गोष्ट दिसू लागली. या सगळ्या कथा म्हणजे हवापालटाचा सल्ला होत्या.

आपल्या आजोबांच्या काळी औषधाने गुण येईना की वैद्य-डॉक्टर हवापालट सांगत. कुणी पन्हाळ्यावर जाई, कुणी आंबोलीला, क्षयाचा रोगी मिरजेजवळ वानलेसवाडीला. मला वाटले होते, रँचकथेशी याचे साम्य योगायोगाचे असेल. शोधू लागलो तेव्हा कळले की हा सगळा प्रकार मुळात एका डॉक्टरच्या सल्ल्यातूनच निघालेला आहे.

ते डॉक्टर म्हणजे फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल. आमच्या पंथातल्यांना फिलाडेल्फिया हे गाव माहेरासारखे; कॉन्स्टंटाइन हेरिंग यांच्या पुढाकाराने होमिओपॅथीचे कॉलेज तिथे १८४८ सालीच निघाले. मिचेल मात्र पलीकडच्या गोटातले, आणि माणूस मोठा. अमेरिकन यादवी युद्धात त्यांनी मज्जातंतूंना इजा झालेले सैनिक तपासले. कापून टाकलेला हात-पाय रोग्याला अजून जागच्या जागी आहे असे वाटते आणि तिथे कळाही येते; या अनुभवाला 'फँटम लिंब' हे नाव त्यांनीच दिले. युद्धानंतर त्यांच्याकडे वेगळे रोगी येऊ लागले: शरीराने धडधाकट, पण झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही. अशांसाठी त्यांनी दोन उपचार बसवले. बहुतेक स्त्रियांना विश्रांतीचा उपचार: सहा-आठ आठवडे अंथरूण, घरच्यांची भेट बंद, भरपूर दूध, मालीश, आणि वाचायचे-लिहायचे नाही. पुरुषांना याच्या अगदी उलट: तंबू, घोडा, शिकार, उघडे रान.

पुरुषांपैकी एक ओवेन विस्टर. हार्वर्डमध्ये शिकलेला, संगीतकार व्हायची आस असलेला, वडिलांच्या आग्रहाखातर बोस्टनमध्ये कचेरीत चिकटवलेला. १८८५ साली त्याची प्रकृती ढासळली. मिचेल यांनी त्याला वायोमिंगमध्ये, मेजर फ्रँक वोल्कॉट यांच्या रँचवर धाडले. तिथे तो सुधारला, रोजनिशी लिहू लागला, आणि पुढे पुन्हा पुन्हा जात राहिला. त्यातून १९०२ साली 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी आली. तिच्या नायकाला नाव नाही. तो नुसता व्हर्जिनियाकडचा माणूस. व्हरमाँटहून आलेली मॉली नावाची शिक्षिका त्याची नायिका. तो जखमी होतो, ती त्याची शुश्रूषा करते, आणि तिथे तिचे मन पक्के होते. पुढच्या सव्वाशे वर्षांत हा प्रसंग किती वेळा लिहिला गेला असेल याची मोजदाद करणे अशक्य आहे.

पण ज्या घरी विस्टरला बरे वाटले, त्या घराचीही एक गोष्ट आहे. १८९२ च्या एप्रिलमध्ये वायोमिंगच्या बड्या गुरेमालकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणले, खास आगगाडी केली आणि जॉन्सन परगण्यातल्या लहान रँचवाल्यांवर चाल केली. गुरेचोरांचा बंदोबस्त हे निमित्त. दोघांना ठार केले. मग गावकऱ्यांनीच त्यांना वेढले, आणि अखेर सरकारी घोडदळाने येऊन या बड्यांना वाचवले. शिक्षा कुणालाच झाली नाही. या टोळीचे म्होरके होते मेजर वोल्कॉट. विस्टरच्या कादंबरीत चोरांना फाशी देणारी बाजू न्यायाची आहे. रोग्याने आपल्या यजमानाचे मीठ खाल्ले होते.

आता मिचेल यांच्या दुसऱ्या उपचाराकडे येतो. १८८७ च्या वसंतात शार्लट पर्किन्स ही सव्वीस वर्षांची बाई त्यांच्याकडे आली. (गिलमन हे आडनाव तिला पुढे दुसऱ्या लग्नाने मिळाले.) बाळंतपणानंतर तिचे मन काळवंडले होते. येण्याआधी तिने आपल्या आजाराची साद्यंत हकीकत लिहून पाठवली होती. डॉक्टरांनी ती आत्मप्रौढीची खूण म्हणून बाजूला ठेवली. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. हानेमान यांच्या 'ऑर्गॅनॉन'मधले ८४ वे सूत्र आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात: रोग्याला बोलू द्या, मध्ये तोडू नका, लिहून घ्या. आमच्या औषधांबद्दल लोकांना जे म्हणायचे ते म्हणोत, मी त्या वादात आज शिरत नाही. पण ते सूत्र पाळल्यामुळे किती माणसे माझ्या खुर्चीत नुसती बोलून हलकी झाली, ते मी पाहिले आहे. शार्लटला घरी पाठवताना सल्ला मिळाला तो असा: घरात रमा, मूल सतत जवळ ठेवा, लेखणीला हात लावू नका. त्या सल्ल्याने ती वेडाच्या काठावर पोचली. मग नवऱ्यापासून वेगळी होऊन कॅलिफोर्नियाला गेली आणि लिहू लागली. १८९२ मध्ये 'द यलो वॉलपेपर' ही तिची कथा आली. उपचार म्हणून खोलीत ठेवलेल्या बाईची. १९११ मध्ये तिने 'द क्रक्स' ही कादंबरी लिहिली. तिच्यात पूर्वेकडच्या बायका कोलोरॅडोला जाऊन खाणावळीसह राहण्याचे घर चालवतात आणि त्यांना वाट दाखवणारी एक डॉक्टरीणबाई आहे. म्हणजे मिचेल यांनी पुरुषांना लिहून दिलेला सल्ला या बाईने स्वतःच्या नावावर करून घेतला.

ज्या वर्षी शार्लट अंथरुणात होती, त्याच १८८७ च्या सुरुवातीच्या थंडीत मोंटाना, वायोमिंग, डकोटाच्या मोकळ्या कुरणांवर गुरे हजारोंनी गोठून आणि उपाशी मेली. थिओडोर रुझवेल्ट यांचेही मोठे नुकसान झाले. आई आणि पत्नी एकाच दिवशी, १४ फेब्रुवारी १८८४ ला गेल्यावर दुःख विसरायला ते डकोटात जाऊन राहिले होते, तेही हवापालटवालेच. मोंटानात गुरे राखणाऱ्या चार्ल्स रसेल या तरुणाने मालकांना कळपाचा अहवाल म्हणून एक छोटे चित्र पाठवले: बर्फात उभी एक हाडाडलेली गाय, आणि टपलेले लांडगे. त्याच चित्राने तो पुढे नामांकित चित्रकार झाला.

या रसेलची चित्रे १९०६ सालच्या एका कादंबरीत आहेत. 'चिप ऑफ द फ्लाइंग यू'. लेखक बी. एम. बॉवर. वाचकांना वाटे, हा कुणी मुरलेला काउबॉय. प्रत्यक्षात ती बर्था मझी बॉवर, मोंटानात राहिलेली, नको झालेल्या संसारातून स्वतःच्या कमाईवर बाहेर पडू पाहणारी बाई. प्रकाशकाने नावाची आद्याक्षरेच छापली, कारण काउबॉयची गोष्ट बाईच्या नावावर खपेल असे त्याला वाटत नव्हते. तिने पन्नासहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. माझ्या मते रँचवरची प्रेमकथा आज ज्या रूपात आहे तिची खरी आई ही. विस्टर नव्हे. विस्टर रँचवर पाहुणा होता. हिने तिथे भांडी घासली होती.

आणि हिची नायिका डॉक्टर आहे! डेला व्हिटमोर, भावाच्या रँचवर आलेली तरुण डॉक्टरीण. काउबॉय तिला 'लिटल डॉक्टर' म्हणतात. चिप हा काउबॉय मनातून चित्रकार. पाय जायबंदी होऊन तो घरात अडकून पडतो, तेव्हा डेलाने सुरू करून अर्धवट सोडलेल्या चित्रावर तो काम करतो: वासराला पाठीशी घालून लांडग्यांपुढे उभी राहिलेली गाय. रसेलच्या चित्राची आठवण होणारच. ते चित्र गाजते, पण डेलाच्या नावावर. माणूस बरा होतो तो पाय जुळून आल्याने, आणि आपल्या हातात काय आहे हे कळल्याने. १९०६ साली एवढे समजणे थोडके नाही.

मधली पन्नास वर्षे भराभर सांगतो. १९२४ मध्ये 'रँच रोमान्सेस' नावाचे मासिक निघाले, स्वस्त कागदाचे, आपल्या जुन्या रहस्यकथांच्या पुस्तकांसारखे. ते १९७१ पर्यंत चालले. फॅनी एल्सवर्थ या बाईंनी ते दीर्घकाळ संपादित केले. इकडे लंडनला मिल्स अँड बून १९०८ पासून होते, कॅनडात विनिपेगला १९४९ मध्ये हार्लेक्विन निघाले, आणि १९७१ मध्ये हार्लेक्विनने मिल्स अँड बून विकत घेतले. म्हणजे ज्या वर्षी ते मासिक मिटले त्याच वर्षी पुढची पेढी मांडली गेली. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून हार्लेक्विनचा मोठा माल डॉक्टर-नर्स कथांचा होता. या धंद्याला दवाखान्याचा वास आधीपासूनच होता.

हार्लेक्विनची पहिली अमेरिकन लेखिका जॅनेट डेली, आयोवाची, आधी ओमाहात सेक्रेटरी. १९७४ च्या तिच्या पहिल्या पुस्तकात, 'नो क्वार्टर आस्क्ड'मध्ये, वडील विमान अपघातात गेलेली मुलगी टेक्सासच्या डोंगरात एकटी राहायला जाते आणि शेजारी रँच असतो. पुन्हा हवापालट, आता बाईसाठी. नवऱ्याबरोबर चाकांवरच्या घरातून फिरत डेलीने पन्नासही राज्यांत घडणाऱ्या पन्नास कथा लिहिल्या, आणि १९८१ पासून मोंटानातल्या कॅल्डर घराण्याची मोठी मालिका. नोरा रॉबर्ट्स ही नवखी लेखिका हार्लेक्विनकडे गेली तेव्हा, आमच्याकडे अमेरिकन लेखिका आहे, असे म्हणून तिला परत पाठवले गेले. १९९७ मध्ये डेलीने कबूल केले की रॉबर्ट्सच्या पुस्तकांतला मजकूर तिने उचलला होता. कारण म्हणून तिने मानसिक आजार सांगितला. ती हकीकत मी चवीने सांगत नाही. घरी दुखणे होते. दुसऱ्यांना बरे करण्याच्या कथा लिहिणारीला कुणी काही विचारले होते का, कोण जाणे.

१९८० साल या इतिहासात महत्त्वाचे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत त्या वर्षी पहिल्यांदा एका आजाराला जागा मिळाली. आघातानंतर उरणारा मनोविकार, ज्याला पीटीएसडी म्हणतात. व्हिएतनामहून परतलेल्यांनी त्यासाठी बरीच झुंज दिली होती. त्याच वर्षी सिल्हूट ही नवी प्रकाशनसंस्था निघाली, मुद्दाम अमेरिकन लेखिका हव्यात म्हणणारी. रॉबर्ट्सला तिथे जागा मिळाली. एकाने दुसरे घडले असे मी म्हणत नाही. पण पुढच्या वर्षांत नायक बदलत गेला. आधीचा रँचमालक बाईचे मनगट पकडणारा, मग्रूर. नंतरचा रात्री दचकून उठणारा. इराक-अफगाणिस्ताननंतर तर परतलेला सैनिक हा ठरलेलाच नायक झाला.

तिसरी गोष्टही त्या वर्षाचीच. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकन बँकांचा मूळ व्याजदर साडेएकवीस टक्क्यांवर गेला. सत्तरच्या दशकात बँकांनी शेतकऱ्यांना घरी येऊन कर्जे दिली होती. आता जमिनीचा भाव पडला, व्याज चढले, पिढीजात घरांसमोर लिलावाची पाटी लागली. २२ सप्टेंबर १९८५ ला इलिनॉयमध्ये विली नेल्सन आणि मंडळींनी शेतकऱ्यांसाठी 'फार्म एड' ही मैफल केली. त्याच डिसेंबरात आयोवातल्या हिल्स या खेड्यात एका कर्जबाजारी शेतकऱ्याने पत्नीला, बँकेच्या अध्यक्षाला, एका शेजाऱ्याला आणि शेवटी स्वतःला गोळी घातली. आपण मराठी माणसांना ही बातमी समजावून सांगावी लागत नाही. फक्त आपल्याकडे बाटली असते, तिथे बंदूक होती. मोंटाना आजही आत्महत्यांच्या प्रमाणात अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या राज्यांमध्ये असते. प्रेमकथेतला तो मुका, कर्जात बुडालेला पुरुष मला आधी खोटा वाटे. तो खोटा नव्हता. खोटे होते ते त्याचे वेळेवर बोलणे.

मग हे वाचून बायकांना काय मिळे? जॅनिस रॅडवे या संशोधिकेने १९८४ च्या 'रीडिंग द रोमान्स' या ग्रंथात, पुस्तके तपासून थांबण्याऐवजी, एका गावातल्या वाचक बायकांनाच विचारले. त्यांनी सांगितलेले एक उत्तर असे: पुस्तक हातात असले की घरचे हाक मारीत नाहीत, तो वेळ आमचा. सगळ्यांची काळजी आम्ही घेतो, कथेत कुणी आमची घेतो. रॅडवे यांना त्यात एक अडचणही दिसली: एवढ्याने बाई शांत होते आणि घर आहे तसेच राहते. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. विस्टरचे औषधही असेच होते.

आता ट्रंकेतले एक पुस्तक. नोरा रॉबर्ट्सची १९९६ ची 'मोंटाना स्काय'. बाप मरतो, तीन बायकांपासूनच्या तीन मुली, एकमेकींना न ओळखणाऱ्या. मृत्युपत्रात अट: तिघींनी एक वर्ष रँचवर एकत्र राहायचे, तर रँच तिघींचा. एक राबणारी, एक शहरी, एक मारकुट्या नवऱ्यापासून पळालेली. प्रेमप्रकरणे आहेत, खूनही आहेत, ते असोत. त्या पुस्तकाचा कणा म्हणजे बापाची जमीन मुलींना मिळणे, आणि ती मिळाल्यावर त्यांची पाठ ताठ होणे. डेलीपासून पुढे डायना पामर, लिंडा लेल मिलर, डेबी मॅकोंबर यांच्या मालिका पाहा. घराणे, वारसा, वाटणी हा विषय प्रेमाइतकाच ठासून भरलेला.

त्या प्रतीत पहिल्या पानावर अक्काच्या हातची तारीख आहे, १९९९ ची. आमचे वडील १९९६ मध्ये गेले. दाजींना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. वडिलांचे दिवस झाल्यावर मी तलाठ्याकडून कागद करून आणले आणि अक्कापुढे हक्कसोडपत्र ठेवले. रीतच होती, आमच्या भावकीत कुठल्या बहिणीने सही केली नव्हती? तिने चष्मा लावला, शिक्षिकेच्या सवयीने पूर्ण वाचले, सही केली, आणि चहा टाकायला आत गेली. ती जमीन आज माझ्या नावावर आहे. तीन वर्षांनी तिने हे पुस्तक विकत घेतले. ट्रंकेतली बाकीची पुस्तके एकदा वाचून ठेवल्यासारखी आहेत. याची पाठ दोन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली आहे. मी तिला याबद्दल काही विचारलेले नाही. ऑर्गॅनॉनमधले सूत्र मी दवाखान्यात पाळले.

घोड्यांबद्दल थोडे. १९९५ ची 'द हॉर्स व्हिस्परर' आपल्यापैकी काहींनी चित्रपट म्हणून पाहिली असेल. लेखक निकोलस एव्हान्स इंग्रज, पण घोड्याला न मारता शिकवण्याची ती पद्धत खरी. टॉम डोरन्स, रे हंट यांनी ती रुजवली. चित्रपटाला ज्यांची मदत झाली ते बक ब्रॅनमन स्वतः लहानपणी बापाचा मार खाल्लेले. घोड्यावर ओरडायचे नाही, त्याला वाट द्यायची आणि थांबायचे, हे ते सांगतात. कथेतला 'आधी घोडे, मग माणूस' हा क्रम तेवढा काल्पनिक नाही.

पण एक जैन म्हणून मला या सर्व पुस्तकांत एक पान सापडत नाही. वासराचा जन्म प्रत्येक पुस्तकात आहे. बर्फातून त्याला आणणे, बाटलीने दूध पाजणे. शरद ऋतूत त्याच वासरांना घेऊन ट्रक जातो. कुठे, ते लिहीत नाहीत. रँच चालतो तो त्याच पैशावर. आपल्याकडे पांजरपोळ चालवणाऱ्यांच्या घरी वाढलेल्या माणसाला हा ट्रक नजरेआड करता येत नाही. अक्काला विचारले, तू हे कसे वाचतेस? ती म्हणाली, "ते जेवायला बसले की मी पान उलटते." ती उलटते ते पान तरी लिहिलेले असते.

दुसरे न लिहिलेले पान जमिनीचे. नायिका म्हणते, ही जमीन पाच पिढ्या आमची. सहाव्या मागे कोण होते? पुन्हा १८८७: त्या फेब्रुवारीत 'डॉज कायदा' झाला. मूळ रहिवाशांच्या जमातींची सामायिक जमीन तोडून माणशी तुकडे पाडायचे, उरलेली गोऱ्यांना खुली करायची. १९३४ पर्यंत जमातींकडची जमीन सुमारे १३ कोटी ८० लाख एकरांवरून ४ कोटी ८० लाखांवर आली. कागद तिथेही रीतसर होते, सह्या किंवा अंगठे होते.

त्या बाजूने लिहिलेली रँचची कादंबरीही आहे. जेम्स वेल्श या ब्लॅकफीट वंशाच्या लेखकाची 'विंटर इन द ब्लड', १९७४ ची. डेलीचे पहिले पुस्तकही त्याच वर्षीचे. मोंटानाच्या राखीव प्रदेशातला एक लहान रँच. सांगणारा बत्तिशीचा पुरुष, गुडघा दुखावलेला. विस्टरच्या नायकासारखेच त्यालाही नाव नाही. लहानपणी गुरे आणताना रस्त्यावर भाऊ गेला, बाप बर्फात गोठून गेला. शेवटी चिखलात रुतलेली एक गाय ओढून काढायला तो जिवाचा आटापिटा करतो. कुणी त्याला मिठी मारून बरे करीत नाही. आजीला पुरतात, खड्डा थोडा तोकडा पडतो. तो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करतो, एका मुलीचा विचार करतो. बस्स, एवढीच सुधारणा. मला ती खऱ्या रोग्याची वाटली. मी ती अक्काला दिली. तिने दोन दिवसांत संपवली आणि परत देताना म्हणाली, "हे खरे आहे. पण रात्री वाचायचे नाही."

सध्या तिच्याकडे बॉवरची 'चिप' आहे. तिची दृष्टी अधू झाली म्हणून मी झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या टायपात छापून, स्पायरल घालून आणली. काल व्याख्यानाची टिपणे घेऊन मी तिच्याजवळ बसलो होतो. निम्म्यावर आली आहे. म्हणाली, डॉक्टरीण चांगली आहे, पण चित्र त्याचे आणि नाव हिचे, हे काही बरे झाले नाही. मग विचारले, "पुढे ती सांगते का रे?" मी म्हटले, वाच, मी सांगणार नाही. तिने चष्मा पुसला आणि पुढे वाचू लागली. मी टिपणे चाळत तिथेच बसून राहिलो.